सुभेदारांचे दहा

सुभेदार मला पहिल्यांदा नीट दिसले ते आमच्या दारासमोरच्या कडुनिंबाखाली. वडील जाऊन महिना झाला होता आणि ‘पाचला भेटायला येतो’ असा सुभेदारांचा निरोप होता. साडेचारलाच ते येऊन झाडाखाली उभे राहिले. मे महिना, अंगात ब्लेझर, पायात चकचकीत बूट आणि नजर मनगटावर. शेजारच्या काकूंना वाटलं, बँकेचा माणूस जप्तीला आलाय. मी बाहेर जाऊन म्हटलं, “साहेब, आत या ना, उन्हात कशाला?”

“टाइम व्हायचाय, बाई. तुमी आत जावा.”

पाचच्या ठोक्याला दारावर दोन टकटक. चहा झाला, वडिलांच्या चार चांगल्या गोष्टी सांगून झाल्या आणि मग मुद्दा आला. माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि तालुक्याच्या माजी सैनिक संघाचे सेक्रेटरी; सुभेदार त्याचे अध्यक्ष. ती जागा आता रिकामी. मी म्हटलं, मी बाजार समितीतली कारकून, मला फौजेतलं काय कळतं? सुभेदार कप खाली ठेवत म्हणाले, “हवालदाराच्या लेकीला सिविलियन कोन म्हन्तं?” आणि राम राम करून निघून गेले. माझी नेमणूक झाली, हे मला ते कोपऱ्यावरून वळल्यावर कळलं.

संघाची जागा म्हणजे जुन्या जकात नाक्याची एक खोली. जकात बंद झाल्यावर नगरपालिकेने ती संघाला वापरायला दिली होती. आत बाकं, एक भिंतीवरचं घड्याळ, मयत सभासदांचे फोटो. बाहेर पत्र्याचा व्हरांडा आणि थोडं मैदान. सभा महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दहा वाजता. रविवारी का नाही, असं मी सुरुवातीलाच विचारलं. रविवार सुट्टीचा, सुट्टीच्या दिवशी काम करणं म्हणजे बेशिस्त, असं उत्तर मिळालं. कुलपाची किल्ली सुभेदारांच्या गळ्यात, जानव्यासारखी. दहाच्या आधी ती बाहेर येत नसे. एकदा वळवाचा पाऊस आला, आम्ही सगळे व्हरांड्यात भिजतोय, घड्याळात चार मिनिटं कमी. हे चार मिनिटं भिजले, आम्हीही भिजलो.

सभा गिनतीने सुरू व्हायची. फौजेत हजेरीला गिनती म्हणतात. नाव पुकारलं की ‘हाजिर’ म्हणायचं. गंमत अशी, की सुभेदार भिंतीवरच्या फोटोंचीही नावं पुकारत आणि त्यांच्या वतीने स्वतःच उत्तर देत, “पोस्टिंगवर.” माझ्या वडिलांचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा मी रडायच्या बेतात होते. पण पुढच्याच नावाला ते म्हणाले, “पोस्टिंगवर. आन् तितं बी कुनाची तरी बिडी मागत आसंल.” मला हसू आलं ते गिनती संपेपर्यंत आवरेना.

त्यांचा आवडता शब्द ‘लाईन’. “सिविलात समदं हाय, लाईन तेवढी न्हाई,” हे वाक्य मी रेशनच्या दुकानात, एसटी स्टँडवर आणि एकदा सार्वजनिक शौचालयासमोरही ऐकलेलं आहे. लग्नात पंगत बसली की ते एका टोकाला जाऊन, एक डोळा मिटून रांग बघत आणि मधल्याच एखाद्या व्याह्याला दोन बोटं मागे सरकायला लावत. वाढपी तोवर भाताचं भगुणं घेऊन उभे. बाजारात भाजीवालीची वांगी ते बोलता बोलता उंचीप्रमाणे लावून टाकत. ती बिचारी ‘बरं साहेब’ म्हणून ते वळले की पुन्हा ढीग करायची. त्यांच्या दोन म्हशी रस्त्याच्या डाव्या कडेने एकीमागे एक चालत. गावात इतक्या शिस्तीत दुसरं काही चालत नव्हतं. त्याचं कौतुक मी सुभेदारीणबाईंजवळ केलं, तर त्या शेण थापता थापता म्हणाल्या, “म्हशीला राजीनामा देता येत न्हाई, माय.”

संघाचे सभासद म्हशी नव्हते, आणि संघाचं दुखणं बरोबर तेच होतं.

मी याद्या ठेवणारी बाई. किराण्याची, लसीकरणाची, बाजार समितीतल्या हमालांच्या पाळ्यांची, सगळ्यांची यादी माझ्याकडे असते. सभासदांची यादी हातात आली तेव्हा एक गोष्ट ताबडतोब दिसली: ती वरून रिकामी होत होती आणि खालून भरत नव्हती. म्हणजे नावं होती. वालूरची, पोखर्णीकडची, मानवतच्या आसपासच्या वाड्यांवरची तरुण पोरं होती, पस्तिशी-चाळिशीत फौजेतून परतलेली. कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा, कुणी जिनिंगच्या गेटवर. त्यांनी अर्ज भरले होते. पण सभेला एकही नाही. सभेला जुने सहा-सात, मी आणि भिंतीवरचे सगळे.

सुभेदारांचा यावर ठाम सिद्धांत होता, की आताच्या पोरांत दम नाही. “आमच्या वक्ताला डोंगर उंच व्हते,” ते म्हणत. मी एक टिपण केलं: पेन्शनच्या कागदांना मदत, घरच्यांच्या दवाखान्याच्या कार्डाची कामं, गावातल्या पोरांना भरतीची तयारी. तरुणांना उपयोग असला तर ते येतील, एवढं साधं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चौकोनी घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “ठीक हाय. पर हे सांगायला आदी ते यायला तर पायजेत.”

मग त्यांनी स्वतःच्या मोहिमा काढल्या. वालूरचा एक जवान निवृत्त होऊन गावी येणार होता. हल्ली अशा जवानाची उघड्या जीपमधून मिरवणूक निघते. डीजे, फुलं, फेटे. सुभेदार सभासदत्वाचा अर्ज आणि पेन घेऊन जीपच्या समोर जाऊन उभे राहिले. त्यांची कल्पना अशी, की मिरवणूक थांबेल, जवान सावधान होईल, सही करेल. मिरवणूक थांबली नाही. नाचणाऱ्या पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. कुणीतरी म्हणालं, हेच निवृत्त झालेत, बाकीच्यांनी ते मानलं. अर्धं वालूर त्यांना खांद्यावर नाचवून आलं. ते परतले ते नखशिखान्त गुलालात, फेटा कानावर, हातात सही केलेला अर्ज. सही जवानाच्या मेव्हण्याची होती. मेव्हण्याचं वालूरला केशकर्तनालय आहे. त्याला वगळायला मला पुढे ठराव करावा लागला. जवानाने स्वतः दुसऱ्या दिवशी येऊन नीट सही करून दिली, पण सभेला तोही दिसेना.

दुसरी मोहीम मोबाईलवरची. मीच ग्रुप काढून दिला. सुभेदारांनी त्याला नाव दिलं ‘फॉलिन’, म्हणजे रांगेत लागा. ग्रुपवर कुणी ‘गुड मॉर्निंग’ टाकलं की यांचा प्रश्न जाई, “कारण?” आठवड्यात ग्रुप चिडीचूप. मग यांनी आदेश टाकला: ‘जे गैरहजर असतात त्यांनी हजर राहून गैरहजेरीचे कारण सांगावे.’ मी म्हटलं, साहेब, निदान सभेची तारीख-वेळ टाका. तारीख टाकली. वेळ नाही. कूच करायची वेळ कागदावर येत नसते, मोबाईल तर शत्रूचाच, असं त्यांचं म्हणणं. वेळ तोंडी जायची, आणि तीही पायरीने. सुभेदार सांगणार संघातल्या हवालदारकाकांना, हवालदारकाका सांगणार त्यांच्या खालच्या हुद्द्याच्या नाईकांना, नाईक सांगणार पोरांना. हवालदारकाका आणि नाईक दोघेही सत्तरीचे. तरुणांपैकी काही जण स्वतः नाईक-हवालदार होऊन परतले होते, पण सुभेदारांच्या लेखी चाळिशीच्या आतला प्रत्येक जण रिक्रूट. सुभेदार रिक्रूटाशी थेट बोलत नाही. मध्ये पायऱ्या कशाला ठेवल्यात मग?

अशात नगरपालिकेचं पत्र आलं. खोली वापरणाऱ्या संस्थेचे निम्मे सभासद वार्षिक सभेला नगरपालिकेच्या बाबूंना प्रत्यक्ष दिसले पाहिजेत, नाहीतर खोली दुसऱ्या संस्थेला देण्यात येईल. दुसरी संस्था तयारच होती. हास्य क्लब.

हे निवृत्त मुख्याध्यापक गुरुजींचं काम. रोज सकाळी साडेसातला जकात नाक्याच्या मैदानात माणसं जमून, हात वर करून हसायची. पाऊस आला की पंचाईत, म्हणून त्यांना खोली हवी होती. शिवाय त्यांची सभासदसंख्या वाढत होती, आणि गुरुजींच्या अर्जात ‘तरुणांचा वाढता प्रतिसाद’ असं वाक्य होतं.

सुभेदारांनी पत्र वाचलं आणि फोटोंकडे बघत राहिले. मग म्हणाले, “गिनती व्हती तितं ही लोकं ही-ही करनार?” थोड्या वेळाने हळू आवाजात, “आन् ह्यांला कुटं न्यायचं?” ह्यांला म्हणजे भिंतीवरच्यांना. त्यांचा आवाज असा मी पहिल्यांदाच ऐकला. मला माझ्या वडिलांचा फोटो घरच्या फ्रिजवर ठेवलेला डोळ्यांपुढे आला, आणि ते काही मला पटलं नाही.

वार्षिक सभेच्या आधीच्या महिन्यातला सोमवार. नळाला पाणी न आल्याने मी सकाळीच घागर घेऊन नाक्याजवळच्या हापशावर गेले. मैदानात हास्य क्लब चालला होता. पुढे गुरुजी, मग बायका, पेन्शनर, नगरपालिकेचे मोठे बाबू, कुणी वाकडं, कुणी तिरकं. पण मागची रांग बघून मी घागर खाली ठेवली. ती रांग सरळ होती. दोरी लावल्यासारखी. उजवीकडून डावीकडे उंचीप्रमाणे. बाकीचे मनाला येईल तसे हसत होते. ही रांग एका दमात ‘हा’, एका दमात ‘हो’, आणि गुरुजी ‘थांबा’ म्हणाले की एकदम गप्प. लाईन! सिविलात सापडत नसलेली लाईन सुभेदारांच्या कुलपासमोर उभी राहून हसत होती.

हसणं संपल्यावर मी त्या रांगेतल्या वालूरच्या जवानाला गाठलं. तो म्हणाला, “ताई, आमी तर दर सभेला येतोय की. नाईकसाहेब आठला बोलवतेत. आमी साडेसातला हजर. मग इतं संघाचं काळं कुत्रं न्हाई. नऊला ड्युटी, म्हून साडेआठला निघून जातो. पयल्या बारीला नुसते उभे व्हतो, तं गुरुजी म्हन्ले, उभेच हाव तं हासा.”

“मग नाईककाकांना विचारलं नाही?”

“वरच्याला ‘का’ विचारत असतेत का, ताई? आमाला वाटलं, म्हाताऱ्यांचा संघ बंद पडला. आता बाकीच्या दिवशी बी येतो हासायला. पोट साफ राहतंय.”

पुढचं गणित मी हापशावरच केलं. फौजेची सवय: वरून आलेली वेळ खाली देताना थोडी अलीकडची सांगायची, म्हणजे उशीर नको. गावाकडे एसटीचा भरवसा नाही, म्हणून ‘थोडी’ म्हणजे तासभर. सुभेदार सांगत दहा. हवालदारकाका नाईकांना सांगत नऊ. नाईक पोरांना सांगत आठ, आणि पोरं शिस्तीची, ती अर्धा तास आधी. नाईक नऊला येऊन मैदान रिकामं बघायचे, ‘पोरं कुटली येतेत’ म्हणून चहाला जायचे आणि दहाला सुभेदारांना तसंच सांगायचे. इतकी वर्षं संघातला प्रत्येक माणूस वेळेवर येत होता. भेटत तेवढे नव्हते.

मी तडक सुभेदारांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बोटांवर मोजलं. हवालदारानं बरोबर केलं. नाईकानं बरोबर केलं. पोरांनी तर लयच बरोबर केलं. मग चुकलं कोण? चूक कुणाचीच नसल्यामुळे दुरुस्त काय करायचं, हे त्यांना समजेना. वेळ ग्रुपवर टाकू? नाही. मी पोरांना सांगू? सेक्रेटरी पायरीत बसत नाही. तुम्हीच एकेकाला फोन करा? सुभेदार रिक्रूटाला फोन करत नाही, आणि पोरं नऊला ड्युटीवर, दहाला येणार कशी? सभा साडेसातला घ्या? सभा दहाला असते. नगरपालिकेला तसं कळवलेलंही आहे.

सुभेदारीणबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, “पोरं तितं हासायलीत. खोली जायची येळ आली. मग तुमी जाऊन हासा की.”

“मी? हासू?”

“का, तुमचं तोंड सरकारजमा झालंय?”

सुभेदार उठले. म्हशींना पाणी दाखवायला निघून गेले. मी घरी येऊन मनातल्या मनात फोटोंसाठी खोकी शोधायला सुरुवात केली.

वार्षिक सभेच्या सोमवारी मी सातलाच नाक्यावर गेले. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं. हास्य क्लब जमला. मागची रांग लागली. गुरुजींनी टाळ्या वाजवून सुरुवात केली, आणि कोपऱ्यावरून सुभेदार आले. ब्लेझर, बिल्ला, सगळी पदकं. मला वाटलं, आता मैदानात आवाज घुमणार. पण ते चालतच राहिले. मागच्या रांगेपाशी आले, उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत एकदा बघत गेले. सुभेदार बुटके. रांग उंचीची. ते अगदी डाव्या टोकाला, शेवटच्या पोराच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि कोपर लावून अंतर घेतलं.

पोरांच्या माना वळायला लागल्या. गुरुजी शाळेतल्या आवाजात म्हणाले, “समोर बघा! आता सिंहहास्य. डोळे मोठे, पंजे वर, जीभ बाहेर.”

सुभेदारांनी डोळे मोठे केले. पंजे वर केले. क्षणभर थांबले. मग जीभ बाहेर काढली आणि हसले. आवाज काय होता, मला लिहिता येणार नाही. थंडीत जीप सुरू करताना होतो तसा काहीतरी. पदकं त्या तालावर एकमेकांवर आपटत होती. पोखर्णीच्या देवळातला नरसिंह ब्लेझर घालून आला असता तर असाच दिसला असता. वालूरच्या जवानाने कडेने बघितलं आणि त्याच्या तोंडून जे फुटलं ते क्लबातलं हसू नव्हतं. मग शेजारचा. मग रांग. उंचीप्रमाणे लागलेली ती रांग पहिल्यांदाच मोडली. एक जण खालीच बसला, दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले, नगरपालिकेच्या बाबूंना ठसका लागला, गुरुजी चष्मा पुसायला लागले. सुभेदार मात्र जीभ बाहेर काढून सावधान. आदेश सुटेपर्यंत थांबलेले.

“विश्राम,” गुरुजी कसंबसं म्हणाले. हा शब्द त्यांना कुठून सुचला कोण जाणे.

सुभेदारांनी जीभ आत घेतली. पोरांकडे तोंड केलं. “आज वार्षिक सभा हाय. दहाला,” ते म्हणाले. “मी सोता सांगायलोय.”

 फौजेतल्या लोकांना यात काय होतं ते कळलं, मलाही कळलं. वालूरच्या जवानाने टाचा जुळवल्या. “साब, नऊला ड्युटी हाय समद्यांची.”

सुभेदारांनी मान हलवली. मनगट वर केलं, घड्याळाची चावी दोन बोटांत धरून बाहेर ओढली आणि काटा फिरवायला सुरुवात केली. आठ, नऊ. दहावर आणला. पुन्हा एकदा खात्री केली. मग गळ्यातली किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. आत जाऊन, बाकावर चढून, भिंतीवरच्या घड्याळाचाही काटा दहावर.

नगरपालिकेचे बाबू दारातून डोळे पुसत म्हणाले, “पण साहेब, आता तर पावणे...”

“बाबूसाहेब,” सुभेदारांनी घड्याळाकडे बोट केलं, “सभा टायमात हाय.”

बाबू अजून हसण्यातून बाहेर आले नव्हते. त्यांनी डोकी मोजली आणि सही केली. निम्म्याला पुरून दोन डोकी उरली. गिनती झाली. फोटोंची नावं सुभेदारांनी पुकारली, आणि या वेळी ‘पोस्टिंगवर’ पोरांनीच म्हटलं, सगळ्यांनी मिळून, कुणी न शिकवता. मग सुभेदारांनी खिशातून एक चौकोनी घडी काढून मला दिली. माझं टिपण. म्हणाले, “वाचा आता. आले हायेत.”

हवालदारकाका आणि नाईक नऊच्या सुमाराला आले तेव्हा पोरं ड्युटीवर गेलेली, सभा आटोपलेली. हवालदारकाका दारातच थबकले. सुभेदारांनी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. त्यात सव्वाअकरा वाजत होते. “लय लेट केला तुमी,” सुभेदार म्हणाले. हवालदारकाका आयुष्यात पहिल्यांदा उशिरा आले होते. त्यांनी मान खाली घालून माफी मागितली.

आता संघाची यादी खालून भरते आहे. पेन्शनची कामं पोरं मोबाईलवर करून देतात, मैदानात भरतीची तयारी चालते. पावसाळ्यात हास्य क्लब आत येऊन हसतो. ती परवानगी सुभेदारांनीच दिली, फक्त लाईनीत हसायचं या अटीवर. अध्यक्ष आता वालूरचा जवान आहे. सुभेदार दोन वर्षांपासून पोस्टिंगवर आहेत. माझ्या वडिलांच्या शेजारी, एक डोळा जरा बारीक करून. फोटो सरळ लागलाय की नाही ते बघत असावेत.

मागच्या महिन्यात नगरपालिकेचा नवा इंजिनिअर खोलीच्या पत्र्याची पाहणी करायला सकाळी आला. भला मुलगा. भिंतीकडे बघून म्हणाला, “तुमचं घड्याळ सव्वादोन तास पुढे आहे. सेल बदलून देऊ का?”

वालूरचा जवान गिनतीसाठी उभाच होता. तो म्हणाला, “हात लावू नका, साहेब. सभा दहालाच असती आमची.”